जाळं भरलं म्हणजे पंचगंगा सावरली?

गच्च भरलेल्या जाळ्याचा फोटो आणि खाली मजकूर: ‘पहिल्याच पुरात पंचगंगेचा गावठी मासा परत आला! बोटुकल्या सोडल्याचं फळ मिळालं. खडस तर धोक्याच्या यादीतूनही बाहेर.’ (बोटुकल्या म्हणजे माशांची बोटभर पिल्लं.) आठवडाभर कोल्हापुरात हे फिरतंय. खरं असतं तर मला फार आनंद झाला असता.

‘गावठी मासा.’ फोटोत कटला, रोहू आणि चिलापी आहेत. पहिले दोन मूळचे गंगेकडचे, चिलापी आफ्रिकेची. आपला खडस, म्हणजे दख्खनी महसीर, त्यात एकही नाही.

‘जाळं भरलं, म्हणजे मासा वाढला.’ पहिल्या पाण्याला मासा अंडी घालायला वर चढतो. चढणीचा मासा एका जागी दाटतो, म्हणून थोडा असला तरी उदंड दिसतो. (आणि तेव्हाच त्याला पकडणं म्हणजे पुढची पिढी पोटातच मारणं.) वाढ मोजायची तर प्रयाग चिखलीच्या वर, राजाराम बंधाऱ्याच्या खाली अशा जागा ठरवून त्याच महिन्यांत, त्याच आसाचं (म्हणजे तेवढ्याच भोकांचं) जाळं, तेवढेच तास टाकायला हवं. प्रत्येक माशाची जात, लांबी, वजन लिहायचं आणि हे वर्षानुवर्षं करायचं. मग पाहायचं, लहान-मोठे सगळे मिळतात का. नुसते मोठेच मिळाले, तर ती म्हाताऱ्यांची वस्ती आहे.

‘बोटुकल्यांचं फळ.’ सोडलेली बोटुकली जगली का, तिने पुढे अंडी घातली का, हे कुणी सांगत नाही. खडसाला अंड्यांसाठी वाहतं, स्वच्छ पाणी आणि तळाला दगडगोटे लागतात. इथे पावसाळा सरला की बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) पडतात, नदीची डबकी होतात आणि त्यांत सांडपाणी येतं. उन्हाळ्यात प्राणवायू संपून मासे तोंड वर काढतात, मग काठाला मरून पडतात. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

‘यादीतून बाहेर.’ आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेने खडसाला कमी चिंतेच्या गटात टाकलंय, हे खरं. पण ती नोंद सगळ्या जातीची आहे, पंचगंगेची नव्हे. शिवाय हाच खडस कावेरीत नेऊन सोडला, तिथे तो फोफावला आणि तिथला कुबडाचा महसीर मागे हटला. २०१८मध्ये या कुबडाच्या महसीराची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

पंचगंगेला मिळणाऱ्या कुंभी-कासारीच्या वरच्या अंगाला, जिथे कुणी बोटुकल्या सोडलेल्या नाहीत अशा गोट्यांच्या उथळ पाण्यात, दिवाळीच्या सुमारास बोटभर खडस सलग तीन-चार वर्षं दिसू देत. तो फोटो मी स्वतः सगळ्यांना पाठवीन.