आधी दुसरी मुंबई तरी पूर्ण करा

परत 'तिसऱ्या मुंबई'ची, म्हणजे अटल सेतूपलीकडं रायगडात वसवायच्या नव्या शहराची बातमी दिसली की डोकंच फिरतं राव. अरे, दुसरीचं, म्हणजे नवी मुंबईचं काय झालं ते तरी सांगा ना आधी! १९६५ ला चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता हे वास्तुविशारद आणि इंजिनियर शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराचा प्लॅन मांडला तेव्हा मुद्दा साधा होता, सरकारी ऑफिसं तिकडं न्या, त्यांच्यामागं नोकऱ्या जातील आणि मुंबईचा श्वास जरा मोकळा होईल. १९७० ला हे शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, ९५ गावांच्या जमिनी घेतल्या, १९८४ ला उरणजवळच्या जासईला जमिनीसाठीच्या आंदोलनात पाच भूमिपुत्र गोळीबारात गेले, आणि सरकारनं काय केलं तर इकडं नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून टॉवर उभे केले! मंत्रालय जागचं हललं नाही. बेलापूरला कोकण भवन ही कोकण विभागाच्या कचेऱ्यांची इमारत दिली, झालं यांचं काम. लोकल मानखुर्दवरून वाशीला पोचायला १९९२ उजाडलं, आणि आजही सकाळी वाशीला उभं राहून बघा, सीएसएमटी गाडीत पाय ठेवायला जागा नसते, बॅग छातीशी धरून माणसं दारात लटकलेली, कारण नोकरी अजून मुंबईतच. आता परत नवा नकाशा, परत कुणाचे तरी सातबारे. आधी मंत्रालयातली चार खाती बेलापूरला आणून दाखवा, मग बोलू.