चेस्टरफिल्डचं पिळलेलं शिखर: दोष ओल्या लाकडाचा नाही

इंग्लंडमधल्या चेस्टरफिल्डच्या सेंट मेरी अँड ऑल सेंट्स या अँग्लिकन चर्चचा फोटो पुन्हा पुन्हा शेअर होतो. खाली साधारण असा मजकूर असतो: 1349 च्या प्लेगमध्ये जाणकार सुतार मेले, उरलेल्या अडाण्यांनी ओलं लाकूड वापरलं, म्हणून शिखर पिळलं, जगात असं दुसरं नाही आणि ते कधीही कोसळेल.

आधी मोजमापं. शिखर साधारण 1362 चं, जमिनीपासून टोकापर्यंत 228 फूट. पीळ सुमारे 45 अंशांचा, आणि टोक मध्यापासून साडेनऊ फुटांच्या आसपास सरकलेलं.

'ओलं लाकूड वापरणं हा अडाणीपणा होता.' आपल्याकडे सागवान मुरवून वापरायची सवय, म्हणून हे लगेच पटतं. पण हे शिखर ओकच्या लाकडाचं, आणि ओकचं गणित वेगळं आहे. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष हा सुकवण्याचा जुना ठोकताळा. म्हणजे फूटभर जाडीच्या तुळईला बारा वर्षं. शिवाय सुकलेला ओक इतका कठीण होतो की कुऱ्हाड आणि हाताच्या गिरमिटानं तो घडवताना जीव निघतो. त्यामुळे मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ओक ओलाच घडवायचे, आणि तशी छपरं आजही सरळ उभी आहेत. तो आकसणार हे धरूनच सांधा करत. एका तुळईचं टोक दुसरीच्या खाचेत बसवायचं, दोन्हींची भोकं मुद्दाम किंचित पुढेमागे पाडायची आणि त्यातून सुक्या ओकची खुंटी ठोकायची. खुंटी आत जाताना सांधा घट्ट ओढून घेते.

'कुशल सुतार उरलेच नव्हते.' माणसं मेली, मजुरी वाढली, हे खरं. पण ती आवरायला केलेल्या 1351 च्या कायद्यात मुख्य सुताराला दिवसाला 3 पेन्स आणि इतर सुतारांना 2 पेन्स ठरवले होते. मुख्य सुतारच नसते, तर त्यांचा वेगळा दर कशाला लिहिला असता? आणि असा सांगाडा नवख्यांच्या हातून उभा राहत नाही. तुळया जमिनीवर जुळवायच्या, प्रत्येक सांध्यावर खूण कोरायची, सगळं सोडवून वर न्यायचं आणि खुणेबरहुकूम पुन्हा बसवायचं, असं ते काम.

मग चुकलं कुठे? तिरक्या आधारांमध्ये. अष्टकोनी शिखराच्या आठ बाजूंना आडव्या तुळया असल्या तर सांगाडा बाहेर फाकत नाही, पण गोल फिरायला मोकळा राहतो. ते फिरणं फक्त तिरप्या तुळया अडवतात, कारण त्यांच्यामुळे चौकटीचे त्रिकोण होतात. इथे त्या पुरेशा नाहीत. वर सुमारे 33 टन शिशाचे पत्रे. दोन मीटरचा शिशाचा पत्रा 40 अंशांच्या फरकानं दोन मिलिमीटरहून जास्त वाढतो, आणि थंड झाल्यावर पूर्ण मूळ जागी येतोच असं नाही. दक्षिणेकडची बाजू जास्त तापते, तिथलं लाकूडही लवकर सुकतं. ओल्या ओकचा हात आहे तो इथे: घट्ट बांधलेल्या चौकटीत तो आकसून थांबला असता, इथे मात्र त्यानं सगळा सांगाडा एका अंगाला नेला.

फोटोत पीळ आणखी जास्त वाटतो. पत्रे माशाच्या काट्यासारखे तिरपे बसवलेत, त्यामुळे सपाट बाजूंवरही खाचा असल्याचा भास होतो.

'जगात एकमेव.' नाही. फ्रान्सच्या आंजू प्रांतात ल व्हिये-बोजे, मुलिएर्न अशा गावांच्या चर्चना पिळलेली शिखरं आहेत.

'कधीही कोसळेल.' साडेसहा शतकं झाली. डिसेंबर 1961 च्या आगीत आतला ऑर्गन जळाला, शिखर वाचलं. अशा शिखराला खरी भीती पाण्याची असते. तापून-निवून थकलेला पत्रा शिवणीपाशी चिरतो, पाणी तुळयांच्या पायथ्याशी मुरतं, ओक कुजतो आणि कुजक्या लाकडात भुंगा शिरतो. म्हणून तपासणी करताना पीळ मोजण्याआधी शिवणी आणि तुळयांचे पाय बघावे लागतात.