पाळीव कुत्र्याच्या पट्ट्याविषयी फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

छत्रपती संभाजीनगर, लातूर आणि नांदेड येथील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर पाळीव कुत्र्यांच्या मालकांची बाजू मांडणारा एक संदेश पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जात आहे. त्याचा सारांश असा: माणसांत वाढलेला कुत्रा चावत नाही, म्हणून त्याला पट्ट्याची गरज नाही, पट्टा लावून फिरवणे ही क्रूरता असून १९६० च्या कायद्याने तो गुन्हा आहे, पट्ट्याची सक्ती करणारा कायदाच अस्तित्वात नाही, लसीकरण झालेल्या कुत्र्यापासून धोका नसतो, लोक घाबरून पळतात म्हणून कुत्रा मागे लागतो, खरा प्रश्न भटक्या कुत्र्यांचा आहे, आणि इतके होऊनही दात लागलाच तर इंजेक्शनचा खर्च देऊन विषय मिटवावा. कुत्रा पाळण्याच्या कोणाच्याही हक्काला माझा विरोध नाही, आणि या संदेशातील एक-दोन गोष्टी अर्ध्या खऱ्याही आहेत. मात्र त्या अर्ध्या सत्यावरून जो निष्कर्ष काढला आहे तो चुकीचा आहे आणि तो ऐकून वागणाऱ्या मालकाला अडचणीत आणणारा आहे.

‘आमचा कुत्रा चावत नाही’ हे विधान मालकाच्या दृष्टीने बहुतेक वेळा प्रामाणिक असते. त्याने ते पिल्लू हातावर वाढवलेले असते, घरातली मुले त्याच्या पाठीवर लोळलेली असतात, आणि आजवर त्याने कोणाला ओरखडाही काढलेला नसतो. परंतु हे ज्ञान फक्त मालकापाशी असते. समोरून येणाऱ्या माणसाला त्या कुत्र्याचे नाव, स्वभाव, वय यांपैकी काहीच ठाऊक नसते आणि ते तपासण्याचे कोणतेही साधन त्याच्या हाती नसते. त्याला दिसतो तो केवळ मोकळा धावत येणारा एक प्राणी. सार्वजनिक जागेत विश्वास ठेवायचा तर तो दिसणाऱ्या गोष्टीवर ठेवता येतो, आणि अशी दिसणारी गोष्ट म्हणजे मालकाच्या हातातला पट्टा. हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात अत्यंत गरीब बैलही दाव्याला धरूनच नेला जातो आणि त्यात बैलाचा अपमान झाला असे कोणी मानत नाही.

शिवाय इजा केवळ चाव्यानेच होते हे गृहीतकच चुकीचे आहे. पंचवीस-तीस किलो वजनाचा लॅब्राडोर निव्वळ लाडाने अंगावर झेपावला तरी सत्तरीतल्या माणसाचा खुबा मोडू शकतो. दुचाकीमागे धावणारा कुत्रा चाकाला शिवला नाही तरी घाबरलेल्या चालकाचा तोल जातो. आपल्या भागात रस्त्यावर माणसे केव्हा असतात याचाही विचार करावा लागतो. उन्हाळ्यात तापमान बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर गेल्यावर कुत्र्याला फिरवण्यासाठी पहाटेची आणि रात्रीचीच वेळ उरते, आणि नेमक्या त्याच अंधूक उजेडात दूधवाले, पेपर टाकणारी मुले आणि नळाला पाणी सुटले म्हणून हंडे-पाइप घेऊन अंगणात उतरलेल्या स्त्रिया बाहेर असतात. लातूरमध्ये रात्री शिकवणी सुटल्यावर खेड्यापाड्यांतून आलेली शेकडो मुले-मुली पायी आणि सायकलवर खोलीकडे परततात. तुळजापूरच्या वाटेवर नवरात्रात आणि कोजागिरीच्या आधी रात्रभर अनवाणी चालणारे भाविक असतात. यांच्यापैकी प्रत्येकाने वाटेतल्या प्रत्येक कुत्र्याचा स्वभाव ओळखावा, अशी अपेक्षा करता येणार नाही.

घरात शांत असणारा कुत्रा बाहेरही तसाच राहील, याची खात्री खुद्द मालकालाही देता येत नाही. फटाका वाजला, दुसरा कुत्रा समोर आला, शेळीचे करडू पळाले, की त्याचे वागणे क्षणात बदलते. लातूर परिसरात कौतुकाने पाळल्या जाणाऱ्या कारवानी कुत्र्याचे उदाहरण घ्यावे. नजरेने भक्ष्य हेरून त्याचा पाठलाग करण्यासाठीच ही जात पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली आहे. पळणाऱ्या वस्तूमागे धावणे हा त्याचा दोष नसून त्याचा गुण आहे. पण तो गुण माळरानावर शोभतो, शाळेसमोरच्या रस्त्यावर नाही. एकदा सुटलेल्या कारवानीला हाक मारून थांबवू शकणारे मालक फारच थोडे असतील.

आता क्रूरतेचा मुद्दा. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा संदेशात मोठ्या आत्मविश्वासाने उद्धृत केला आहे, पण त्याचे कलम ११ वाचलेले दिसत नाही. त्या कलमानुसार प्राण्याला अवास्तव आखूड किंवा अवास्तव जड साखळीने अवास्तव काळ बांधून ठेवणे ही क्रूरता आहे. त्याला लागूनच असलेली तरतूद अशी की, ज्या कुत्र्याला नेहमी साखळीने बांधून किंवा कोंडून ठेवले जाते त्याला पुरेसा व्यायाम न देणारा मालक दोषी ठरतो. म्हणजे कायदा कुत्र्याला फिरवायलाच सांगतो, आणि पाच-सहा फुटांचा हलका पट्टा हे त्याला गर्दीतून सुरक्षित फिरवण्याचे साधन आहे. खरी क्रूरता आपल्याकडे वेगळीच दिसते: दिवसभर लोखंडी साखळीने फाटकाशी किंवा शेतातल्या आखाड्यावर पत्र्याच्या शेडखाली बांधलेला कुत्रा, आणि रात्री फिरवण्याचा कंटाळा म्हणून दार उघडून मोकळा सोडलेला तोच कुत्रा. तो रात्री कोणाच्या गोठ्यात शिरला, कोणाच्या गाडीखाली आला, याची मालकाला सकाळपर्यंत वार्ता नसते. पट्टा इतरांचे जेवढे रक्षण करतो, त्याहून कमी रक्षण कुत्र्याचे करत नाही.

पट्टा असणे म्हणजे ताबा असणे असेही नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती रॉटवायलर देऊन त्याला ‘फिरवून आण’ म्हणणे, किंवा गुंडाळता येणारी दोरी पूर्ण लांब सोडून स्वतः मोबाइलवर बोलत चालणे, यांत पट्टा असतो पण नियंत्रण नसते.

‘असा कायदाच नाही’ हा दावा शब्दांच्या आडोशाने केलेला आहे. अमुक लांबीचा पट्टा प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात हवाच, असे एकच वाक्य देशभर लागू असलेल्या एखाद्या कायद्यात शोधले तर ते मिळणार नाही. परंतु १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ त्याहून व्यापक गोष्ट सांगते. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीविताला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असेल, तर ती टाळण्यास पुरेशी खबरदारी जाणूनबुजून किंवा हयगयीने न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या कलमात चावा घडलाच पाहिजे अशी अट नाही. शिक्षा हयगयीची आहे. अर्थात नुसत्या भुंकण्यासाठी हे कलम नाही, हेही तक्रार करणाऱ्यांनी लक्षात ठेवलेले बरे. आपल्या राज्यात त्याच्या जोडीला महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ आहे. त्याचे कलम १०६ रस्त्यावर किंवा सार्वजनिक ठिकाणी हिंस्र कुत्रा तोंडाला जाळी न बांधता मोकळा राहू देण्यास आणि कुत्र्याला कोणाच्या अंगावर सोडण्यास मनाई करते.

न्यायालये या तरतुदी गांभीर्याने घेतात. रॉटवायलरने एका व्यक्तीला चावे घेतल्याच्या २०१० मधील प्रकरणात मुंबईतील दंडाधिकारी न्यायालयाने २०२३ मध्ये मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली. त्या वेळी लागू असलेल्या भारतीय दंड संहितेचे कलम २८९ हे आजच्या कलम २९१ चेच पूर्वरूप होय. मुंबईतच २०१८ मध्ये लिफ्टमध्ये हस्की जातीच्या कुत्र्याने शेजाऱ्याला चावा घेतल्याच्या प्रकरणात मालकाला २०२५ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. शेजाऱ्याने कुत्र्याला आत आणू नका अशी विनंती केली असतानाही मालकाने तो आत ओढून आणला होता.

याच मुद्द्याला जोडून भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांचा हवाला दिला जातो. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे त्या सूचनांतील म्हणणे संदेश मोठ्या अक्षरांत सांगतो. सामाईक जागेत कुत्र्याला पट्टा लावावा आणि त्याची विष्ठा उचलावी, हा त्याच सूचनांतील मालकांना दिलेला सल्ला मात्र गाळतो. केंद्र सरकारने १२ मार्च २०२४ रोजी तेवीस जातींवर बंदी सुचवणारे परिपत्रक काढले होते आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिल २०२४ मध्ये रद्द केले, हेही मालकांच्या विजयाचा पुरावा म्हणून सांगितले जाते. जातीवरून बंदी नको, हे मलाही पटते. पण कुत्र्याची जात निर्णायक नसेल तर उरतो तो मालकच, आणि मग पट्टा लॅब्राडोरलाही हवा आणि पॉमेरेनियनलाही.

लसीकरणाचा दावा सर्वांत धोकादायक आहे, कारण तो ऐकून चावा झालेला माणूस घरी बसून राहू शकतो. लसीमुळे कुत्र्याला रेबीज होण्याची शक्यता फार कमी होते, पण त्याच्या दातांनी होणारी जखम, त्या जखमेतील जंतुसंसर्ग आणि धनुर्वाताचा धोका कमी होत नाही. कुत्र्याला तीन महिन्यांच्या वयानंतर पहिली मात्रा आणि पुढे नियमाने दरवर्षी मात्रा द्यावी लागते. ‘लहानपणी दिली होती’ एवढ्यावर भागत नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर तो रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. म्हणून जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच रुग्णालय गाठणे, हाच एक मार्ग असतो. मालकाने कार्ड दाखवले म्हणून तो टाळता येत नाही.

भीतीचा मुद्दा मात्र सविस्तर पाहिला पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. पळणाऱ्याच्या मागे कुत्रा लागतो हे खरे आहे; अशा वेळी स्थिर उभे राहावे, हात अंगाशी घ्यावेत, नजरेला नजर देऊ नये, हे मुलांना शिकवायलाच हवे. कुत्र्याला दगड मारणारी, त्याच्या शेपटीला फटाके बांधणारी माणसेही आहेत, आणि ती क्रूरतेच्या कलमाखाली गुन्हेगार ठरतात. प्राण्याला ठार मारणाऱ्याला किंवा निकामी करणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. परंतु पाच वर्षांच्या मुलाने प्रसंगी पुतळ्यासारखे उभे राहावे, आणि ते राहिले नाही तर दोष त्याचा, हा न्याय विचित्र आहे. भीती ही समोरच्याची चूक नसते. तिच्यामागे लहानपणीचा एखादा चावा असेल, किंवा गावात रेबीजने गेलेल्या माणसाची हकिकत असेल. भिणाऱ्याला भीती सोडायला वर्षे लागतात. मालकाला पट्टा आवरून रस्त्याच्या कडेला थांबायला काही सेकंद लागतात. कोणी काय करावे हे ठरवताना हा फरक विचारात घ्यावाच लागेल. ‘काही करत नाही हो तो’ असे लांबून ओरडणारा मालक खरे तर स्वतःचे काम समोरच्यावर ढकलत असतो.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न मोठा आहे, याविषयी दुमत नाही. पण तो वेगळा आहे आणि कायद्यानेही तो वेगळाच ठेवला आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार रस्त्यावरील कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, तर पाळीव कुत्र्यांची तीच जबाबदारी मालकाची आहे. सर्वोच्च न्यायालयाचा २२ ऑगस्ट २०२५ चा बहुचर्चित आदेशही भटक्या कुत्र्यांविषयी आहे. त्यातून पाळीव कुत्र्याच्या मालकाला कोणतीही सूट मिळत नाही. शिवाय हे दोन प्रश्न मालकांच्या बाजूनेच एकमेकांत मिसळतात. निर्बीजीकरण न केलेला पाळीव कुत्रा रात्री मोकळा सुटतो, आणि हौस फिटल्यावर किंवा बदली झाल्यावर जातिवंत कुत्रे शहराबाहेरच्या वळणरस्त्यावर सोडून दिले जातात. प्राणी उपाशी मरेल अशा स्थितीत त्याला सोडून देणे हीदेखील कलम ११ खालील क्रूरताच आहे. महापालिका आपले काम करत नाही हे मालकाच्या हयगयीचे समर्थन होऊ शकत नाही. दोघांकडेही एकाच वेळी जाब मागता येतो.

राहिला खर्च देऊन विषय मिटवण्याचा सल्ला. सरकारी रुग्णालयात लस मोफत मिळते, त्यामुळे इंजेक्शनचे पैसे हा चाव्याचा खरा खर्च नाहीच. त्वचेत टोचल्या जाणाऱ्या लसीच्या मात्रा पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी घ्याव्या लागतात. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडे) द्यावे लागते आणि त्यासाठी खेड्यातील माणसाला बहुधा प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयाकडे किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयाकडे निघावे लागते. रोजंदारीवर जाणाऱ्याचे तितके दिवसांचे काम बुडते, सोबत येणाऱ्याचेही बुडते. शिवाय कलम २९१ खालील गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट नोंदवून तपास करता येणारा आहे, त्यामुळे हातावर पाचशेच्या दोन नोटा ठेवल्याने तो संपत नाही.

चावा झाल्यावर मालकाने करण्याची गोष्ट निराळीच आहे आणि संदेशात तिचा उल्लेखही नाही. त्याने तेथून निघून जाऊ नये; आपले नाव, पत्ता आणि कुत्र्याचे लसीकरण कार्ड जखमी व्यक्तीला द्यावे, शक्य असल्यास तिच्यासोबत रुग्णालयात जावे, आणि पुढील दहा दिवस कुत्र्याला घरातच ठेवून पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली त्याचे निरीक्षण करावे. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू लक्षणांच्या काही दिवस आधीपासून असतो आणि असा कुत्रा त्या मुदतीत आजारी पडून मरतो. तो दहा दिवसांनी धडधाकट असेल तर चाव्याच्या वेळी तो संसर्गजन्य नव्हता असे म्हणता येते आणि पुढील मात्रांचा निर्णय डॉक्टर त्या आधारे घेऊ शकतात. तालुका पातळीवरील पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात, किंवा परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत यासाठी कुत्रा दाखवता येतो. पहिली मात्रा मात्र या दहा दिवसांची वाट न पाहता त्याच दिवशी घ्यायची असते.