घरून काम मिळालं, पण फाइल वाचता येते का?

घरून काम दिलं की दिव्यांग कर्मचारी खूश, असं एका लेखात म्हटलंय. पण जळगाव-धुळ्यात बसून पुण्याच्या ऑफिसचं काम करणाऱ्या अंध माणसाचं घोडं अडतं भलतीकडेच. मीटिंगमध्ये शेअर केलेल्या स्क्रीनमधलं एनव्हीडीए (स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) काही वाचत नाही, कारण येतो तो निव्वळ व्हिडिओ. मूळ एक्सेल आधी मेल करायची, तीही सेल मर्ज न करता. नाहीतर आकडा कुठल्या रकान्यातला ते कळत नाही. स्कॅन केलेली पीडीएफ ओसीआर करूनच, म्हणजे चित्रातली अक्षरं खऱ्या मजकुरात बदलून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या कलम २१ प्रमाणे खासगी कंपनीनेही समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. हे त्यातच लिहून घ्या, उपकार नव्हेत. आणि लाइट गेली की लॅपटॉप चालतो, राउटर बसतो. त्याला छोटा यूपीएस लावा, बहुतेक राउटरना १२ व्होल्टचा चालतो (अ‍ॅडॉप्टरवर बघूनच घ्या).