इतिहासकाराचा पत्ता आणि इतिहासकाराचा वेळ

परदेशात बसून आपल्या इतिहासावर लिहिण्याचा अधिकार कोणाला, हा वाद सोलापूरच्या मित्रमंडळींत रंगला की लंडनहून मी सहसा त्यात पडत नाही. या वेळी इतिहासकार प्राची देशपांडे यांचे नाव निघाले, आणि त्यांची कारकीर्द पाहिली तर हा प्रश्नच गैरलागू ठरतो असे मला वाटते.

देशपांडे यांनी पीएच.डी. अमेरिकेत केली, बर्कलीच्या विद्यापीठात शिकवले आणि पुढे त्या कोलकात्याच्या सामाजिक शास्त्रांच्या संशोधन केंद्रात आल्या. २०२० साली त्यांना मानव्यविद्यांसाठीचा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. पत्ते बदलले, विषय मराठीच राहिला. मराठ्यांच्या भूतकाळाची स्मृती कशी घडत गेली यावरचा त्यांचा ग्रंथ २००७ सालचा, तर मोडी आणि लेखनव्यवहारावरचा २०२३ सालचा. मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडून वाचायचे तर अशी वर्षे जाणारच, आणि त्या वर्षांत कोणीतरी नियमित पगार द्यावा लागतो.

सोलापुरात नेमके हेच होत नाही. १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले चार हुतात्मे आपण दरवर्षी आठवतो, हार घालतो. पण गिरणीकामगार, तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर, गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवणारी सेटलमेंट, यांचा इतिहास लिहायला मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू कागदही वाचावे लागतील. ते वाचू शकणारा नेट-सेट झालेला तरुण मात्र तासिका तत्त्वावर एका महाविद्यालयातून दुसऱ्यात धावतो, आणि सुटीत तासिका नाहीत म्हणून मानधनही नाही.

इंग्लंडमध्ये सारे आलबेल आहे असे मुळीच नाही. इथेही तरुण इतिहासकार मुदतीच्या करारांवर दिवस काढतात. तरी ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे, म्हणजे लंडनहून भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याचे, दप्तर वाचकाला विनामूल्य पाहता येते, आणि अर्ज करणाऱ्याला ‘तुम्ही कुठले?’ असे विचारून त्याची लायकी ठरवली जात नाही.

एका जिल्ह्यापुरते विद्यापीठ २००४ साली आपल्याला मिळाले. त्याने एखाद्या सोलापूरकराला पाच वर्षांची पगारी संशोधनवृत्ती द्यावी. मग त्याच्या निष्कर्षांवर कडाडून भांडायला मीही येईन.