बोडी एका रात्रीत ओस पडलं नाही

उन्हाळी सुट्टी जवळ आली की कॅलिफोर्नियातल्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो: "१८४९च्या गोल्ड रशमधलं बोडी. लोक एका रात्रीत पळाले, भरला संसार तसाच राहिला. खडा उचलला तरी शाप लागतो. योसेमिटीहून कधीही जाता येतं." बोडी हे कॅलिफोर्नियातलं ओस पडलेलं खाणगाव. तिथे जरूर जा, पण या फॉरवर्डमधलं एकही विधान धड नाही.

१८४८-४९ची सोन्यासाठीची धावपळ, म्हणजे गोल्ड रश, झाली ती कोलोमा गावाच्या बाजूला, सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या पश्चिम उतारावर. बोडी पूर्वेला, आठ हजार फुटांच्याही वर. तिथे सोनं सापडलं १८५९मध्ये आणि भरभराट आली ती १८७७च्या पुढे. तेव्हा तिथे राबत होते कंपन्यांच्या खाणीतले पगारी मजूर.

"एका रात्रीत" हे तर साफ खोटं. १८८०च्या सुमारास हजारोंची वस्ती होती, ती दोन-तीन वर्षांत ओसरू लागली. १८९२च्या आगीनंतरही गाव टिकलं. त्याच दशकात स्टँडर्ड मिल या सोन्याचं खनिज दळणाऱ्या गिरणीसाठी ग्रीन क्रीकवरून सुमारे तेरा मैल तारा ओढून वीज आणली गेली. ते काम त्या काळात थक्क करणारं होतं. १९३२च्या आगीत बाजारपेठेचा बहुतेक भाग गेला, तरीही काही लोक राहिलेच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने सोन्याच्या खाणी बंद करायला लावल्या आणि १९४२मध्ये पोस्टही बंद झालं. म्हणजे उतरणीला साठ वर्षं लागली.

मग सामान का राहिलं? कारण इतक्या आडवाटेवरून ते वाहून नेणं परवडत नव्हतं. गाडीत मावलं ते नेलं, बाकीचं ठेवलं. शाळेच्या खिडकीतून आजही बाकं आणि पृथ्वीचा गोल दिसतो. ते आपोआप टिकलेलं नाही. गावातली बरीच मालमत्ता ज्यांच्याकडे होती त्या केन कुटुंबाने राखणदार नेमले. १९६२पासून हे गाव राज्याचं उद्यान आहे. छप्पर गळलं तर दुरुस्त करायचं, भिंत कलली तर टेकू द्यायचा, पण नवंकोरं काही करायचं नाही, असं तिथलं धोरण आहे. ही सगळी मेहनत "पळून गेले" या दोन शब्दांत पुसली जाते, याचा मला खरोखर राग येतो.

शापाची गोष्ट चोऱ्या थांबाव्यात म्हणून एका रेंजरनेच पसरवली, असं सांगितलं जातं. काही लोक घाबरून वस्तू टपालाने परत पाठवतात. पण ती वस्तू कुठून उचलली होती हे कोणाला कळणार? खिळासुद्धा उचलू नका, आणि त्यासाठी शापाची भीती लागायला नको.

शेवटचं विधान सगळ्यात धोक्याचं. योसेमिटीहून जाणारा टायोगा पास हा घाट हिवाळ्यात बंद असतो, बऱ्याचदा मे अखेरपर्यंत किंवा त्याहीपुढे. ३९५ महामार्गावरून बोडीकडे वळलं की शेवटचे तीनेक मैल कच्चा रस्ता, आणि बर्फात तिथे गाडी जातच नाही. गावात पेट्रोल नाही, खायलाही काही मिळत नाही. ली व्हायनिंग किंवा ब्रिजपोर्ट या वाटेवरच्या गावांत टाकी भरा, डबा आणि भरपूर पाणी घ्या, आणि निघण्याआधी रस्ता उघडा आहे का ते पाहा.