रूळ काढा, पण पट्टी सोडू नका

आमच्या शाळेच्या ग्रुपवर शकुंतलेचा, म्हणजे वऱ्हाडातल्या बंद पडलेल्या अरुंद रुळांच्या रेल्वेचा, विषय निघाला की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, मूर्तिजापूर–यवतमाळ आणि मूर्तिजापूर–अचलपूर, दोन्ही लाइनी ब्रॉडगेज करा, नाहीतर आंदोलन. दुसरा म्हणतो, समृद्धी झाला, गावोगाव डांबरी रस्ते झाले, घरटी मोटारसायकल आली. त्या भंगार रुळांचं काय लोणचं घालायचं? मग कुणीतरी हमखास मला मध्ये ओढतो : "अबे, तुमच्या अमेरिकेत कोन बसते रेल्वेत? काही अडलं काय त्याईचं?"

अडलं की नाही, ते सांगतो. मी राहतो कोलंबसमध्ये, ओहायो राज्याच्या राजधानीत. शहराची वस्ती नऊ लाखांच्या वर, आसपासचा पसारा धरला तर वीस लाखांहून जास्त. इथे प्रवासी रेल्वे नाही. लोकल नाही, मेट्रो नाही, ट्राम नाही, दिवसातून एकदा रखडत येणारी पॅसेंजरसुद्धा नाही. कॅन्सस सिटीपर्यंत जाणारी नॅशनल लिमिटेड ही शेवटची गाडी 1979 च्या सप्टेंबरअखेर बंद झाली. मुळात स्टेशन मोठं देखणं होतं. डॅनियल बर्नहॅम या नामवंत वास्तुविशारदाच्या आराखड्यावर 1897 साली उभं राहिलेलं. त्याची दर्शनी कमानींची रांग ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत होती. तरी ऑक्टोबर 1976 मध्ये ती पाडायला घेतली. कोर्टाचा मनाई हुकूम येईपर्यंत एकच कमान उरली होती. ती आता उचलून जवळच्या एका बागेत उभी केली आहे. स्टेशनच्या जागेवर अधिवेशन केंद्र आहे, आणि त्याची इमारत वरून पाहिली तर रेल्वे यार्डातल्या रुळांसारखी दिसावी अशी मुद्दाम बांधली आहे. गाडी घालवायची आणि तिचा आकार तेवढा ठेवायचा, ही रसिकता मला अजून झेपलेली नाही.

ग्रुपवरच्या मंडळींचा समज असा की अमेरिकन लोक श्रीमंत झाले, त्यांनी मोटारी घेतल्या, आणि रेल्वे आपोआप ओस पडली. हे अर्धंच खरं आहे. 1956 च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांच्या खर्चाचा 90 टक्के वाटा केंद्र सरकारने उचलला. रेल्वे मात्र खासगी कंपन्यांची, आणि स्वतःच्या रुळांवर मालमत्ता कर भरणारी. स्पर्धा तिथेच वाकडी झाली. पण खरा खेळ पुढचा आहे. तोट्यातली गाडी बंद करायला कंपनीला सरकारी परवानगी लागे, आणि त्यासाठी गाडीला प्रवासी नाहीत हे दाखवावं लागे. मग काही कंपन्यांनी प्रवासी येणारच नाहीत याची व्यवस्था केली. वेळा गैरसोयीच्या केल्या, पुढच्या गाडीची जोडणी चुकेल असं वेळापत्रक लावलं, डबे धुणं कमी केलं. सदर्न पॅसिफिक या कंपनीने तर लांब पल्ल्याच्या गाड्यांमधला जेवणाचा डबा काढून खाद्यपदार्थांची यंत्रं बसवली. 1967 मध्ये टपाल खात्याने डाक रेल्वेतून काढून घेतली आणि कित्येक गाड्यांचा उरलासुरला आधार गेला. 1 मे 1971 रोजी ॲमट्रॅक ही सरकारी कंपनी सुरू झाली, तेव्हा देशातल्या उरलेल्या लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्यांपैकी सुमारे निम्म्या त्याच दिवशी इतिहासजमा झाल्या.

आजही आमच्या राज्यात ही तऱ्हा पाहायला मिळते. क्लीव्हलंडला गाड्या येतात त्या मध्यरात्रीनंतर, पहाटेच्या आत. सिनसिनाटीचं युनियन टर्मिनल 1933 चं, अर्ध्या घुमटाचं, पाहताच मान वर जावी असं. त्याचा बहुतेक भाग आता संग्रहालय आहे, आणि गाडी येते आठवड्यातून तीन दिवस, तीही ऐन झोपेच्या वेळी. मग कुणीतरी आकडे काढून दाखवतो की ओहायोच्या लोकांना रेल्वेची हौस नाही.

आपल्याकडे कोविडनंतर काय झालं आठवा. बंद झालेल्या पॅसेंजर परत आल्या त्या 'स्पेशल' म्हणून. दहा रुपयांचं किमान तिकीट तीस रुपयांचं झालं, आणि ते उतरायला 2024 चा फेब्रुवारी उजाडला. काही छोट्या थांब्यांवर तर गाडी पुन्हा थांबलीच नाही. तीन-चार वर्षं माणसं वडापने गेली, त्यांनी कर्ज काढून दुचाकी घेतल्या. त्यानंतर 'प्रवासीच नाहीत' म्हणणाऱ्याने आधी वेळापत्रक दाखवावं.

तरी एक गोष्ट ग्रुपवर मी मान्य करतो. अमेरिकेने रेल्वे सोडली हे म्हणणं पूर्ण बरोबर नाही. तिने प्रवासी सोडले. 1916 च्या सुमारास इथे चार लाख किलोमीटरच्या वर रेल्वेमार्ग होते, आज साधारण सव्वादोन लाख उरलेत. पण त्यांवरून जी मालवाहतूक चालते ती पाहून आपल्या रेल्वे बोर्डाला हेवा वाटावा. एकावर एक दोन कंटेनर रचलेली गाडी फाटकातून जाताना मोटार बंद करून बसावं लागतं. आपण उलटं केलं : प्रवाशाचं तिकीट स्वस्त ठेवायचं म्हणून मालाचं भाडं चढवत नेलं आणि माल ट्रककडे गेला. शकुंतलेचा तर जन्मच मुळी वऱ्हाडचा कापूस उचलण्यासाठी झाला होता. कापूस ट्रकवर चढला त्याच दिवशी तिचं भवितव्य ठरलं होतं. प्रवासी हा तिचा जोडधंदा.

आता अडलं का, याकडे येतो. माझं अडत नाही. मी मोटार चालवतो, सिनसिनाटीला पावणेदोन तासांत पोहोचतो. अडतं ते आई-बाबांचं. गावी असताना बाबा सत्तरीतही एसटीने एकटे अमरावतीला जाऊन बँकेचं काम करून येणारे. इथे आले की खिडकीत बसतात. बस जवळ नाही, पायी जायला रस्त्याच्या कडेला फूटपाथ नाही, आणि मुलाला 'जरा सोड रे' म्हणायचा संकोच. आमच्या मराठी मंडळात हे घरोघरचं आहे. सहा महिन्यांचा व्हिसा असून माणसं चौथ्या महिन्यात परतीचं तिकीट अलीकडे घ्या म्हणतात. इथले म्हातारे अमेरिकनही याच कैदेत असतात, फक्त त्यांना परत जायला गाव नसतं. नजर कमी झाली, लायसन्स गेलं, की किराण्यासाठीही दुसऱ्यावर अवलंबून. रेल्वे नसल्याने देश अडत नाही, हे खरं. माणसं अडतात, आणि अडलेली माणसं रस्त्यावर दिसत नाहीत म्हणून मोजली जात नाहीत.

बरं, चूक उमगल्यावर परत फिरता येतं का? क्लीव्हलंड–कोलंबस–डेटन–सिनसिनाटी अशी गाडी सुरू करायला 2010 मध्ये केंद्राने ओहायोला 40 कोटी डॉलर दिले होते. सरासरी वेग ताशी 39 मैल निघाला, म्हणजे साधारण 63 किलोमीटर. त्याची यथेच्छ टिंगल झाली. (त्या वेळी मी इथे असतो तर टिंगल करणाऱ्यांत मीही सामील झालो असतो. हा वेग आपल्या एक्स्प्रेसचा.) त्याच वर्षी निवडून आलेले गव्हर्नर जॉन केसिक यांनी पैसे नाकारले आणि ते इतर राज्यांना वाटले गेले. डिसेंबर 2023 मध्ये त्याच मार्गासाठी केंद्राकडून पुन्हा निधी आला : पाच लाख डॉलर, फक्त नियोजनापुरता. तेरा वर्षांनी चाळीस कोटींच्या जागी पाच लाख, आणि गाडीऐवजी अहवाल.

या देशाने एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली, आणि ग्रुपवरच्या दोन्ही तटांना मला तीच सांगायची आहे. रेल्वेची लाइन म्हणजे रूळ नव्हे. रूळ लोखंड आहे, कधीही टाकता येतं. लाइन म्हणजे शेकडो शेतकऱ्यांच्या जमिनीतून काढलेली, भराव घालून सपाट केलेली, अखंड पट्टी. ती एकदा तुकड्यांत गेली की संपली. 1983 मध्ये इथे कायद्यात तरतूद झाली की कंपनीने लाइन सोडली तरी पट्टी मोडायची नाही. तिथे सायकल-पायवाट करायची, आणि उद्या रेल्वेला गरज पडली तर तिला परत यायचा हक्क ठेवायचा. मी सुट्टीच्या दिवशी ज्या वाटेवर सायकल चालवतो, ती झीनिया ते लंडन (ओहायोतलं, साहेबाचं नव्हे) ही वाट म्हणजे कोलंबस–सिनसिनाटी गाड्यांचा जुना मार्गच. वळणं इतकी सौम्य की पायाला कळतं, इथे इंजिन धावत होतं.

ब्रिटनने ही काळजी घेतली नाही. 1963 च्या बीचिंग अहवालानंतर हजारो मैल लाइनी बंद करून जमिनी विकल्या. एडिनबरा–कार्लाइल मार्ग 1969 मध्ये बंद झाला. 2015 मध्ये त्यातला एडिनबराकडचा सुमारे तीस मैलांचा तुकडा पुन्हा सुरू करताना मधल्या काळात आडवे आलेले रस्ते ओलांडायला नवे पूल बांधावे लागले. कार्लाइलपर्यंतचा उरलेला भाग अजून तसाच आहे.

आपल्याकडचं उदाहरणही हाताशी आहे. मिरज–लातूर ही बार्शी लाइट रेल्वे शकुंतलेसारखीच अडीच फुटी. तिचं ब्रॉडगेज करायला किती वर्षं गेली ते पंढरपूर-बार्शीकडच्यांना विचारा. पण अखेर ते झालं. एप्रिल 2016 मध्ये लातूर कोरडं पडलं, तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी त्याच मार्गाने गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. गेज बदलाच्या कुठल्या नफातोट्याच्या तक्त्यात पाण्याचा रकाना असेल?

म्हणून शकुंतला होती तशी सुरू करा, असं मी म्हणत नाही. गार्डच तिकीट फाडतोय, फाटक लावायला गाडी थांबवून माणूस खाली उतरतोय, याच्या आठवणी गोड आहेत, पण दवाखान्यात जायला निघालेल्या माणसाला त्यांचा उपयोग नाही. तिच्याबद्दल फिरणारा 'अजूनही इंग्रजांच्या मालकीची' हा फॉरवर्डही आता पुरे. ती लाइन जिच्या मालकीची, ती किलिक निक्सन कंपनी स्वातंत्र्यानंतर भारतीयांच्याच हातात आली. घोळ आहे तो कंपनी आणि सरकार यांच्यातल्या जुन्या कराराचा, आणि तो आपल्याच लोकांनी सोडवायचा आहे. दरम्यान वर्ध्याहून कळंबपर्यंत ब्रॉडगेज गाडी फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली, ती लाइन यवतमाळवरून नांदेडला जायची आहे. ती पुरी झाली की यवतमाळ हे टोकाचं स्टेशन राहत नाही. मग मूर्तिजापूर–कारंजा–दारव्हा–यवतमाळ ही पट्टी मुंबई–नागपूर मार्गाला नांदेडशी जोडणारा दुवा होऊ शकते. वीस वर्षांनी होईल, तीस वर्षांनी होईल. तोवर तिच्यावर सायकली चालवा, पोरांना धावू द्या.

पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात आला तर ब्रॉडगेज कधी हे विचारू नका, त्याचं उत्तर त्याला पाठ असतं. मूर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंतच्या 113 किलोमीटर जमिनीची ताजी मोजणी झाली आहे का, आणि प्रत्येक गटाचा सातबारा आज कुणाच्या नावावर आहे, हे विचारा.